सेट कोणाशेजारी बसला आहे?

इंदूरहून खंडव्याच्या रस्त्याला लागले, की भेरूघाटाचा उतार सुरू होण्याआधी सिमरोल लागते. तालुका महू, म्हणजे आजचे डॉ. आंबेडकर नगर. गावाची बोली माळवी. घाट उतरून बडवाहकडे सरकले की कानावर निमाडी पडू लागते. इंदूर शहरात होळकरांच्या काळापासून स्थिरावलेली मराठी, कचेरीत आणि बाजारात हिंदी. फेब्रुवारी २००९ मध्ये सिमरोलला आयआयटी इंदूरच्या कायमच्या संकुलाची कोनशिला बसली आणि या भाषांच्या जोडीला इंग्रजीही राहायला आली.

अशा ठिकाणी एखादा छोटा इंग्रजी शब्द किती रूपांनी वावरतो, हे पाहायला ‘सेट’सारखा दुसरा शब्द नाही. गणिताच्या तासाला सेट म्हणजे घटकांचा समूह. बांधकामावर सेट होणे म्हणजे सिमेंट घट्ट होणे. टेबल टेनिस खेळणारा पहिला सेट हरतो. वसतिगृहातला विद्यार्थी झोपण्यापूर्वी अलार्म सेट करतो. प्राध्यापक होऊ पाहणाऱ्याला मित्र विचारतात, ‘सेट निघाली का?’ आणि घरून आईचा फोन येतो, ‘सगळं सेट झालं ना रे?’ सहा वाक्ये, सहा अर्थ. तरीही कोणाचा गोंधळ होत नाही. असे का होते, हाच या प्रकरणाचा विषय आहे.

कोशातला विक्रम

ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाचा पहिला भाग १८८४ मध्ये बाहेर पडला आणि काम पुरे व्हायला १९२८ साल उजाडले. १९८९ मध्ये दुसरी आवृत्ती आली. तिच्यातली सर्वांत लांब नोंद होती ‘सेट’ या क्रियापदाची. नुसत्या क्रियापदाचे ४३० अर्थ, जोडशब्द आणि वाक्प्रचार धरून सुमारे ५८०, आणि हे सारे सांगायला खर्ची पडले साठ हजार शब्द. एवढ्या मजकुरात एक लहानशी कादंबरी होते.

पुढे तिसऱ्या आवृत्तीसाठी नोंदी नव्याने तपासल्या जाऊ लागल्या, तेव्हा हा विक्रम मोडला. २००० मध्ये ‘मेक’ पुढे गेला, २००७ मध्ये ‘पुट’, आणि २०११ मध्ये ‘रन’ने ६४५ अर्थांसह पहिला क्रमांक पटकावला. करणे, ठेवणे, धावणे, बसवणे. यातले एकही क्रियापद पंडिती नाही. मूल बोलायला लागल्यावर पहिल्या काही वर्षांतच ती तोंडात बसतात. कोशातली सर्वाधिक जागा अडवतात ते हेच शब्द. अवघड शब्दांचे तसे नसते. ‘प्रकाशसंश्लेषण’ला एक अर्थ असतो आणि तो दोन ओळींत आटोपतो.

यामागे एक नियम आहे. अमेरिकन भाषाभ्यासक जॉर्ज झिफ यांनी १९४५ मध्ये दाखवले, की शब्द जितका जास्त वापरात, तितके त्याचे अर्थ जास्त. आणि ही वाढ साधारणपणे वापराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात होते. म्हणजे एक शब्द दुसऱ्याच्या चौपट वापरला जात असेल, तर त्याचे अर्थ सुमारे दुप्पट निघतील. नवे काम पुढे आले की माणूस नवा शब्द घडवण्यापेक्षा हाताशी असलेला जुनाच शब्द वापरून पाहतो. जो शब्द सारखा हाताशी असतो, त्याच्यावर कामेही जास्त पडतात.

संसद आणि सचिव

इंग्रजीतला ‘सेट’ मुळात एक शब्द नाही. वेगळ्या घराण्यांतले दोन शब्द उच्चारात एकसारखे झाले आणि पुढे एकमेकांत मिसळले.

क्रियापद ‘सेट’ जर्मानिक भाषांतले. ‘सिट’ म्हणजे बसणे, आणि ‘सेट’ म्हणजे बसायला लावणे, बसवणे. व्याकरणाच्या भाषेत ‘सेट’ हे ‘सिट’चे प्रयोजक रूप. याचे मूळ आपल्या ओळखीचे आहे. संस्कृतात ‘सद्’ म्हणजे बसणे आणि ‘सादयति’ म्हणजे बसवतो. ‘सादयति’ आणि ‘सेट’ ही एकाच प्राचीन रूपाची दोन भावंडे. सदन, सदस्य, सभासद, संसद, उपनिषद हे सगळे ‘सद्’चे वंशज. लॅटिनमधून आलेला ‘सेशन’ याच कुळातला, आणि ‘प्रेसिडेंट’ म्हणजे पुढे बसलेला. पाखराचे ‘नीड’ आणि इंग्रजीतले ‘नेस्ट’ हेही याच धातूचे, कारण घरटे म्हणजे खाली बसायची जागा.

नाम ‘सेट’, म्हणजे वस्तूंचा वा माणसांचा गट, इंग्रजीत आला जुन्या फ्रेंचमधून. त्याचे मूळ लॅटिन ‘सेक्टा’, म्हणजे अनुयायी, एकामागून चालणारी मंडळी, पंथ. ‘सेक्टा’च्या मागे आहे अनुसरणे या अर्थाचा लॅटिन धातू, आणि त्याचा संस्कृत भाऊ आहे ‘सच्’, सोबत असणे. ‘सचिव’ म्हणजे मुळात सोबती. मंत्री हा अर्थ नंतरचा. तेव्हा क्रियापद ‘सेट’ संसदेच्या कुळातले आणि नाम ‘सेट’ सचिवाच्या. दिल्लीच्या कारभारातले हे दोन शब्द ‘सेट’च्या इतक्या जवळचे नातेवाईक असतील, अशी शंका कोणालाही येणार नाही.

संस्कृतशी आणखी एका बाबतीत साम्य आहे. शाळेत आपण उपसर्ग शिकतो. एकाच ‘सद्’ला ‘प्र’ लागला की प्रसाद, ‘वि’ लागला की विषाद, आणि दोन्हींचे अर्थ एकमेकांच्या विरुद्ध. इंग्रजीत हेच काम क्रियापदाच्या मागे येणारे लहान शब्द करतात. ‘सेट आउट’ म्हणजे प्रवासाला निघणे, ‘सेट अप’ म्हणजे उभारणे, ‘सेट इन’ म्हणजे पावसाळा वा थंडी लागणे. ‘सेट असाइड’चे दोन अर्थ. स्वयंपाकघरात तो बाजूला ठेवणे, आणि न्यायालयात निकाल रद्द करणे. इंदूरच्या उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने एखादा आदेश ‘सेट असाइड’ केला, तर तो बाजूला ठेवून नंतर पाहायचा असे नसते. तो आदेश संपलेला असतो. बातमीचे भाषांतर घाईत केले की नेमके इथेच चुकते. उपसर्ग पुढे असो वा मागे, धातू एकटा अर्थ ठरवत नाही, ही शिकवण दोन्हीकडे सारखीच.

मराठीकडे काय होते?

आता ‘सेट’च्या कामांची मराठीत वाटणी करून पाहू. घड्याळाचा गजर आपण लावतो. पान लावतो, सापळा लावतो, आग लावतो, गाण्याला चाल लावतो. मोडलेले हाड बसवतो, अंगठीत खडा बसवतो, नाटक बसवतो. उदाहरण घालून देतो, नियम घालून देतो. परीक्षेचा पेपर काढतो. भाव ठरवतो. पक्ष्याला पिंजऱ्यातून सोडतो. सूर्य मावळतो. छापखान्यात खिळे जुळवतात, आणि ते जुळवणारा तो जुळारी. या प्रत्येक ठिकाणी इंग्रज एकच क्रियापद वापरू शकतो. मराठीला आठ-नऊ लागतात.

याचा अर्थ मराठीत अर्थबहुल शब्द नाहीत असा मुळीच नाही. ‘बसणे’च पाहा. संस्कृत ‘उपविशति’पासून प्राकृतातून ‘बैसणे’ आणि मग ‘बसणे’ झाले. माणूस बसतो, पण आवाजही बसतो, धक्का बसतो, विश्वास बसतो, चटका बसतो, घडी बसते, बस्तान बसते, व्यवसायाचा जम बसतो, आणि तालमी झाल्या की नाटक बसते. ‘लागणे’ आणि ‘लावणे’ यांची यादी केली तर पानेच्या पाने भरतील. घर लावले म्हणजे आवरले, पण शिकवणी लावली म्हणजे सुरू केली. वेळ लागतो, भूक लागते, गाव लागते, आणि विरजण घातल्यावर दहीही लागते. इंग्रजी शिकणाऱ्याला ‘सेट’ने जितके रडवले असेल, तितकेच मराठी शिकणाऱ्याला ‘लागणे’ने.

दोन्ही भाषांनी एकच युक्ती वापरली आहे, फक्त ओझे वेगवेगळ्या शब्दांवर टाकले आहे. म्हणूनच इंग्रजी ‘सेट’ मराठीत आला तो अख्खा आला नाही. क्रियापदांच्या बाबतीत आपले घर भरलेले होते. आधी आत आला तो नाम ‘सेट’, आणि तोही नव्या वस्तूंचा हात धरून. रेडिओ सेट, टीव्ही सेट, सोफासेट, चहाचा सेट, स्टीलच्या डब्यांचा सेट. सराफाकडे हार, कानातले आणि बांगड्या एकाच नक्षीच्या असल्या की तो सोन्याचा सेट.

रंगभूमीवर तर ‘सेट’ इतका रुजला, की जुना शब्द आणि नवा शब्द कामे वाटून घेऊन नांदू लागले. संस्कृत नाटकात ‘नेपथ्य’ म्हणजे पडद्यामागची, रंगभूषा-वेशभूषेची जागा. मराठीत त्याला मंचाच्या रचनेचा अर्थ आला. आज नेपथ्यकार नेपथ्याची कल्पना करतो, पण लाकडाचा आणि कापडाचा जो डोलारा उभा राहतो तो सेट. इंदूरला सानंद न्यासासारख्या संस्था महाराष्ट्रातली नाटके आणतात. तेव्हा नाटक आधीच मुंबई-पुण्यात बसलेले असते. इंदुरात सेट लावायचा असतो. ‘नाटक बसवणे’ आणि ‘सेट लावणे’, दोन्ही मराठी क्रियापदे जागच्या जागी, आणि मधे उसने नाम.

क्रियापद आले ते उशिरा, आणि तेही ‘करणे’, ‘होणे’ यांच्या आधाराने. ‘सेटणे’ असे क्रियापद मराठीने घडवले नाही. ‘सेट होणे’मध्ये दुसऱ्या एका शब्दाची भेसळही आहे. मुलगा नोकरीला लागला, लग्न झाले, की तो ‘सेटल’ झाला. बोलण्यात त्यातला ल गळतो आणि तो ‘सेट’ होतो. ‘सेटल’ हाही बसण्याच्याच कुळातला, आसन या अर्थाच्या जुन्या इंग्रजी शब्दापासून निघालेला. मराठीत याला बरोब्बर शब्द होता, बस्तान बसणे. ‘सेटिंग’ने मात्र आपली वेगळीच वाट धरली. फोनमध्ये सेटिंग म्हणजे साधी मांडणी. पण ‘त्याचं सेटिंग आहे’ म्हटले की ऐकणाऱ्याला प्रेमप्रकरण नाही तर आतून झालेले संगनमत ऐकू येते. हा अर्थ आपल्याकडे पिकला.

घट्ट होणे आणि जिंकणे

दोन क्षेत्रांत ‘सेट’ला मोजमापाची शिस्त आहे. पहिले बांधकाम. सिमेंटमध्ये पाणी मिसळले की रासायनिक क्रिया सुरू होते. भारतीय मानकानुसार साध्या पोर्टलंड सिमेंटने निदान ३० मिनिटे तरी पकड घेऊ नये, कारण तेवढ्यात कालवलेला माल वाहून, ओतून आणि चोपून झाला पाहिजे. आणि ६०० मिनिटांच्या आत ते पूर्ण घट्ट झाले पाहिजे. सेट होणे वेगळे आणि मजबुती येणे वेगळे. ती पुढे कित्येक दिवस वाढत राहते, म्हणूनच घट्ट झालेल्या स्लॅबवरही पाणी मारत राहावे लागते. स्वयंपाकघरात मात्र ‘सेट’ हल्लीच शिरला. पाककृतींच्या सदरात ‘मिश्रण सेट होऊ द्या’ असे छापून येते. आजी म्हणायची, ‘वड्या छान पडल्या.’

दुसरे क्षेत्र खेळ. टेनिसचा सेट सहा गेम आधी जिंकणाऱ्याचा, पण निदान दोनची आघाडी हवी. सहा-सहा बरोबरी झाली की टायब्रेक. बॅडमिंटन आणि टेबल टेनिसच्या नियमपुस्तकांत त्याच टप्प्याला ‘गेम’ म्हणतात. पण इंदूरच्या अभय प्रशालात टेबल टेनिसचा सामना पाहणारा प्रेक्षक ‘दुसरा सेट गेला’ असेच म्हणणार, आणि शेजारच्याला ते कळणार. नियमपुस्तक एक बोलते आणि खेळाडू दुसरे, तरी सामन्याचे काही बिघडत नाही.

गणिताने केलेली निवड

गणिताला मात्र असा सैलपणा परवडत नाही. १८७४ मध्ये जर्मनीत गेऑर्ग कॅन्टर यांनी अनंत समूहांवरचा आपला पहिला मोठा निबंध प्रसिद्ध केला. पुढे १८९५ मध्ये त्यांनी अशा समूहाची व्याख्या दिली. आशय असा, की स्पष्टपणे वेगळ्या ओळखता येणाऱ्या वस्तू एकत्र घेऊन त्यांचा एक अखंड पदार्थ म्हणून विचार करायचा. जर्मनमध्ये त्यांनी यासाठी ‘मेंगे’ हा साधा शब्द वापरला, म्हणजे पुष्कळ वस्तू, घोळका. फ्रेंचांनी ‘आन्साम्ब्ल’ घेतला. इंग्रजीत काही काळ निरनिराळे शब्द चालले आणि शेवटी ‘सेट’ टिकला.

भारतीय भाषांनीही आपापली निवड केली. महाराष्ट्रात नववीच्या गणिताचे पहिले प्रकरण ‘संच’. उपसंच, रिक्त संच, विश्वसंच, छेद संच, संयोग संच हे शब्द मराठी माध्यमातल्या मुलांच्या तोंडी असतात. सिमरोलच्या आसपासच्या हिंदी शाळांत एनसीईआरटीच्या पुस्तकातून अकरावीचा विद्यार्थी शिकतो ‘समुच्चय’, आणि तिथे संयोगाला ‘सम्मिलन’ म्हणतात, छेदाला ‘सर्वनिष्ठ’. जळगावचा आणि बडवाहचा विद्यार्थी आयआयटीच्या एकाच बाकावर आले, की एक संच विसरतो, दुसरा समुच्चय, आणि दोघे सेटवर जमतात.

नवी संकल्पना आली की गणित रोजच्या वापरातला शब्द उचलते आणि त्याच्या शंभर अर्थांतला एक पक्का करून बाकीचे दाराबाहेर ठेवते. ही रीत जुनी आहे. भास्कराचार्यांचे घराणे खानदेशातल्या चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखातून आपल्याला माहीत आहे. ११५० मध्ये त्यांनी सिद्धान्तशिरोमणी पूर्ण केला, आणि लीलावती हा त्याचाच भाग. भारतीय गणितात ‘राशी’ म्हणजे संख्या वा परिमाण. तोच शब्द खळ्यावर धान्याची रास, आणि पंचांगात मेष-वृषभ. तीन राशी दिल्या आणि चौथी काढायची, ते त्रैराशिक. त्रैराशिक शिकताना कोणा मुलाला मेष-वृषभ आठवत नाहीत, कारण गणिताने त्या शब्दाला नेमून दिलेले काम स्पष्ट असते.

२०२० मध्ये आयआयटी इंदूरने प्राचीन भारतीय विज्ञानग्रंथांचा एक ऑनलाइन अभ्यासक्रम घेतला. त्यात लीलावतीतले गणित थेट संस्कृतातून शिकवले गेले. सिमरोलच्या या संस्थेत एरवी कॅन्टरचा ‘सेट’ चालतो. त्या काही आठवड्यांत भास्कराचार्यांची ‘राशी’ही चालली.

सेट नसलेले सेट

काही ‘सेट’ फक्त कानाला सारखे वाटतात. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ जी सहायक प्राध्यापक पात्रता परीक्षा घेते, तिचे नाव सेट. मध्य प्रदेशातली तशीच परीक्षा घेणाऱ्या राज्य लोकसेवा आयोगाचे मुख्यालय इंदुरात आहे. हे नाव म्हणजे तीन इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे. मराठीने त्याला लिंगाने वेगळे केले आहे. टीव्हीचा सेट बिघडला, पण सेट निघाली. परीक्षा स्त्रीलिंगी, म्हणून तिचे आद्याक्षरी नावही स्त्रीलिंगी. व्याकरणाच्या पुस्तकात असा नियम नसला तरी बोलणारे चुकत नाहीत.

आद्याक्षरांचा मोह उलटाही होतो. सिमरोलच्या शेजारचे महू म्हणजे ‘मिलिटरी हेडक्वार्टर्स ऑफ वॉर’ची आद्याक्षरे, असे आजही मोठ्या खात्रीने सांगितले जाते. ते खरे नाही. महू हे जुन्या गावाचे नाव. इंग्रजांनी त्याचे रोमन स्पेलिंग केले आणि त्या अक्षरांना नंतर कोणीतरी शब्द चिकटवले. तसेच ‘शेट’चे. इंदूरच्या काचमंदिराशी ज्यांचे नाव जोडलेले आहे त्या सर सेठ हुकुमचंदांचा ‘सेठ’ आणि आपला ‘शेट’ संस्कृत ‘श्रेष्ठी’पासून आले. इंग्रजी ‘सेट’शी त्यांचे काही नाते नाही. ध्वनी जुळला म्हणून कुळ जुळत नाही, आणि ध्वनी न जुळताही सचिव नि सोफासेट नातेवाईक निघू शकतात.

शेजार पाहा

मग सुरुवातीच्या सहा वाक्यांत गोंधळ का झाला नाही? ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांनी १९५७ मध्ये सांगितले, की शब्द ओळखायचा तो त्याच्या संगतीवरून. अलार्म, सिमेंट, पहिला, हरतो, निघाली हे शेजारी आले की ‘सेट’च्या शेकडो अर्थांपैकी एकच उरतो. प्रिन्स्टनमध्ये १९८५ मध्ये सुरू झालेल्या ‘वर्डनेट’ या शब्दजाळ्यात समानार्थी शब्दांच्या प्रत्येक गटाला ‘सिनसेट’ म्हणतात. एक शब्द अशा अनेक गटांत असू शकतो आणि यंत्राला त्यातला योग्य गट निवडावा लागतो. आयआयटी मुंबईत हिंदी आणि मराठीची शब्दजाळी याच पद्धतीने बांधली गेली. आजची भाषांतर करणारी यंत्रेही आजूबाजूच्या शब्दांवरूनच अर्थ ताडतात. माणूस जे ऐकून शिकतो, तेच ती आकडेमोडीने करतात.

यातून वाचकाच्या उपयोगाची एक गोष्ट निघते. ‘सेटला मराठी शब्द काय?’ या प्रश्नाला उत्तर नाही. संच म्हणावे, तर तो एकाच कामाचा. ‘गजर सेट कर’ म्हटल्याने फारसे बिघडत नाही. ‘लाव’ही तितकाच बहुकामी शब्द आहे. पण हाड, नियम, भाव, सापळा आणि खिळे हे सारे एका ‘सेट’वर सोपवले, तर बसवणे, घालून देणे, ठरवणे, लावणे आणि जुळवणे यांच्यातला फरक हातचा जातो. इंग्रजी असे काही फरक मागे जोडलेल्या लहान शब्दांनी दाखवते. ते शब्द आपण उसने घेतलेले नाहीत. उसना आला तो नुसता धातू, त्याचे उपसर्ग तिकडेच राहिले. तेव्हा भाषांतर करणाऱ्याने आधी विचारावे ते एवढेच, की इथे काही बसते आहे, लागते आहे, ठरते आहे की जुळते आहे? त्या उत्तरातच मराठी क्रियापद सापडते.